पदवीचा घसारा

तीर्थरूप दादांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द रीत म्हणून लिहिला आहे. कंबर धरल्यापासून आठांपैकी पाच-सहा अंगंच जमिनीला टेकतात, उरलेली मनाने टेकली असं समजावं.) तुमच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला का? वहिनींचा चष्मा सापडला का, की अजून तुमचाच एक चष्मा दोघं आलटून पालटून लावता? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. ठीक म्हणजे कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही आणि कोणाला विशेष आनंदही झालेला नाही.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला याबद्दल आधी माफी मागतो. तुम्ही पाठवलेला तीन पानी मूल्यांकनाचा तक्ता माझ्यासमोर, लाँड्रीच्या पाठवणीच्या टेबलावर, स्टेपलरखाली दाबून ठेवलेला आहे. शनिवारची दुपार आहे, चादरी दाबायचे तापते रूळ बंद आहेत, इस्त्रीच्या खोलीतल्या बायका जेवायला बसल्या आहेत, आणि एवढ्या शांततेत मला सहसा झोप येते. तरी लिहितो. तीस वर्षं बँकांसाठी जुन्या इमारतींच्या आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या किमती ठरवणाऱ्या माणसाला भावाच्या बी.ए.ची किंमत काढणं अर्ध्या तासाचं काम वाटणार, हे मी समजू शकतो. मलाही तसंच वाटलं होतं.

तुम्हाला फोनवर अर्धवटच कळलं, म्हणून पहिल्यापासून सांगतो. मुंगीची शाळा संपली, मार्क चांगले पडले. (तिचं हे नाव तुम्हीच ठेवलंत. दीड वर्षाची असताना तुमची ब्रीफकेस ओढत ओढत जिन्यापर्यंत नेली होती तिने.) ती हिशेबनिसाच्या कोर्सला जाणार किंवा तुम्ही सुचवलेलं एक्स-रेचं तंत्र शिकणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिला विचारायचं मात्र राहून गेलं. मग एका रात्री जेवताना तिने सांगितलं की तिला समाजशास्त्रात बी.ए. करायचंय. मी ताटात बघायला लागलो. मुंगीची आई वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, “तुझे बाबाही तेच शिकलेत.” ही शाबासकी होती की धोक्याची सूचना, ते मला अजून कळलेलं नाही. रक्तगट सांगावा तसं सांगितलं तिने. त्यानंतर तुमचा फोन आला. मुंगीच्या शिक्षणासाठी तुम्ही पैसे बाजूला काढून ठेवले आहेत, कोणत्याही कोर्सला द्यायची तयारी आहे, पण किंमत पाहिल्याशिवाय कशातच पैसे घालायचे नाहीत हा तुमचा नियम. “तू स्वतःच्या पदवीचं मूल्यांकन करून पाठव,” असं तुम्ही म्हणालात, “तुझ्याहून चांगला नमुना कुठे मिळणार?” प्रवेशाला चार आठवडे होते. त्यातले तीन नमुना गोळा करण्यात गेले.

तक्त्यातला पहिला रकाना मालकी हक्काच्या कागदपत्रांचा. त्यासाठी पदवीचं प्रमाणपत्र शोधणं आलं. ते मी तीस वर्षांत एकदाही बाहेर काढलं नव्हतं, कारण कोणी मागितलंच नव्हतं. कपाट रिकामं केलं, पलंग हलवला (कंबर तेव्हाच धरली), आणि शेवटी ते शिलाई मशीनच्या खणात, मुंगीच्या आईच्या शिवणकामाच्या प्रमाणपत्राला चिकटलेलं सापडलं. दमट हवेने दोन्ही कागद एकजीव झाले होते. मी चाकूने हलकेच सोडवायला गेलो, तर माझं नाव आणि विद्यापीठाचा अर्धा शिक्का तिच्या प्रमाणपत्रावर उलटा जाऊन बसला आणि माझ्याकडे ‘यांस’ एवढंच उरलं. तिने ते उजेडात धरून पाहिलं आणि पुन्हा गणवेशांकडे वळली. शाळेचे गणवेश आणि पडदे शिवून तिने या घराचं निम्मं भाडं वीस वर्षं भरलेलं आहे. तिचा कोर्स तीन महिन्यांचा होता, माझा तीन वर्षांचा. हा मुद्दा तुमच्या तक्त्यात कुठे बसतो ते कळलं नाही, म्हणून मी तो बसवला नाही.

दुसरा रकाना खरेदी किमतीचा. इथे मला फार विचार करावा लागला नाही. मी समाजशास्त्र घेतलं ते समाजाबद्दल काही वाटत होतं म्हणून नाही, तर त्या वर्षी नोटीस बोर्डावर लावलेल्या सगळ्या विषयांत त्याची फी सर्वांत कमी होती म्हणून. घरात एकाच मुलाच्या मोठ्या कोर्सला पुरतील एवढे पैसे होते आणि तुमचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. (हा टोमणा नाही, दादा. टोमणा मारायला अंगात थोडा दम लागतो, आणि आज सकाळी मी चौदाशे चादरी मोजल्या आहेत.) पण घेतलं स्वस्त म्हणून आणि आवडलं भलत्याच कारणाने, असं झालं खरं. दुसऱ्या वर्षाला एक सर होते, बारीक आवाजाचे. मागच्या बाकांपर्यंत त्यांचं बोलणं पोहोचायचं नाही म्हणून मी पुढे बसायला लागलो. माणसं जे करतात ते वेड्यासारखं वाटलं, तर समजावं की आपल्याला अजून पूर्ण माहिती नाही, असं ते एकदा म्हणाले होते. मी ते वहीत लिहून घेतलं, परीक्षेत लिहिलं, दहापैकी आठ मार्क मिळवले आणि विसरलो.

‘यांस’ एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र तुम्ही मान्य करणार नाही, हे माहीत होतं. म्हणून अर्धी रजा टाकून दुय्यम प्रत काढायला कॉलेजात गेलो. खिडकीत बसलेल्या कारकुनाने प्रत कशाला हवी ते विचारलं. मी थकलेलो होतो, खोटं सुचलं नाही, किंमत काढायची आहे म्हणून सांगितलं. त्याने चष्मा नाकावर ओढला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि दरपत्रक पुढे सरकवून म्हणाला, “दुय्यम प्रत, एवढे पैसे. हीच तिची किंमत. घ्या लिहून.” (माझा दीड दिवसाचा पगार होता तो.) मग चौकशीत असं निघालं की तोही समाजशास्त्राचाच, मला दोन वर्षं पुढे होता. मी त्याला विचारलं, तुला काय फायदा झाला? तो म्हणाला की रांगेतली माणसं का चिडलेली आहेत, ते त्याला नीट समजतं. त्यावर काही करता येत नाही, पण समजतं. माझ्या मागच्या रांगेतली माणसं तेव्हा बऱ्यापैकी चिडली होती, त्यामुळे आम्ही बोलणं आवरलं.

आता तिसरा रकाना, पदवीमुळे मिळणारं चालू उत्पन्न. इथे मी जी चूक केली ती तुमच्या कानावर घालणं भाग आहे. सव्वीस वर्षं मी या लाँड्रीत आहे. दोन हॉटेलं आणि एक मोठं हॉस्पिटल यांचे कपडे आमच्याकडे येतात. मी मळके गठ्ठे मोजून घेतो, ब्लीचचं प्रमाण ठरवतो, आणि धुतलेल्या चादरी मोजून परत पाठवतो. यात पदवीमुळे किती पगार मिळतो, हे मलाच ठाऊक नव्हतं, म्हणून सरळ मालकांच्या काचेच्या खोलीत जाऊन विचारलं. मालक माणूस वाईट नाही, फक्त त्यांना कोणी काही विचारलं की धक्का बसतो. त्यांनी जुनं पगारपत्रक काढलं. त्यात खरंच ‘पदवीधर भत्ता’ म्हणून एक रक्कम निघाली, सव्वीस वर्षांपूर्वी ठरवलेली आणि त्यानंतर कोणीच हात न लावलेली. आजच्या भावाने महिन्याला चार कप चहा, तोही बिनसाखरेचा. तरी मला बरं वाटलं, दादा. इतकी वर्षं दर महिन्याला चार कप चहा मी पदवीच्या जिवावर पीत होतो आणि मला पत्ता नव्हता.

तेवढ्यावर मी निघायला हवं होतं. पण मालक कौतुकाने म्हणाले, “घेतानाच मी म्हटलं होतं, रसायनशास्त्राचा माणूस असलेला बरा.”

“समाजशास्त्र,” मी म्हणालो.

त्यांनी पगारपत्रकावरून मान वर केली. ते म्हणाले, “मग ब्लीचचं प्रमाण तुम्ही इतकी वर्षं कसं काढत होता?”

“डब्यावर लिहिलेलं असतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काचेतून ब्लीचच्या डब्यांकडे पाहिलं, मग पेन काढून तो भत्ता पगारपत्रकातून शांतपणे खोडला. त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं काही चुकलं नाही. मूल्यांकन केल्यामुळे मालमत्तेची किंमत घटल्यास ती कुठे दाखवावी, यासाठी तुमच्या तक्त्यात रकाना नाही. मी समासात एक आखून घेतला आहे. घसाऱ्याच्या रकान्यात मी ‘पूर्ण’ असं लिहिलं.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन मुंगीला समोर बसवलं आणि तिला सगळे रकाने वाचून दाखवले. मला वाटलं होतं, रडेल किंवा वाद घालेल. तिने तक्ता हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली की यात एकाच माणसाची माहिती आहे आणि तो माणूस फार दमलेला आहे. मग विचारलं, मी लाँड्रीत येऊन बसू का आठवडाभर? पदवी शेवटी कुठे जाऊन पडते, ते मला बघायचंय. मी हो म्हणालो. माझा हेतू साफ होता: चार दिवस वाफेत बसली की एक्स-रे बरा वाटेल.

ती आली तो आठवडा आमच्याकडे आधीच बिघडलेला होता. हॉस्पिटलच्या चादरी कमी भरत होत्या. दर आठवड्याला, बहुतेक सोमवारच्या मोजणीत, पाच-दहा करत वर्षभरात तीन-चारशे चादरींचा पत्ता लागत नव्हता, आणि हॉस्पिटलवाले भरपाई मागायला लागले होते. मालकांचा संशय इस्त्रीच्या खोलीवर. तिथे तापत्या रुळावर चादरी सरकवणाऱ्या आणि घड्या घालणाऱ्या नऊ बायका आहेत. मालकांनी नोटीस काढली: महिनाअखेरपर्यंत चादरी मिळाल्या नाहीत तर नुकसान नऊ जणींच्या पगारातून समान कापलं जाईल. ती नोटीस मीच टाइप केली. (समान या शब्दाखाली रेघ मालकांनी मारायला सांगितली. त्यात न्याय दिसतो, असं त्यांचं म्हणणं.) त्या बायकांपैकी कोणीही चादर चोरलेली नाही, हे मला ठाऊक होतं. ओली चादर किती जड असते आणि सुकलेली किती फुगते, हे ज्याने उचलली त्याला कळतं. ती पदराखाली लपवून नेता येत नाही. पण हे ठाऊक असूनही मी नोटीस टाइप केली आणि दाराला लावली, चारही कोपऱ्यांना टेप.

मुंगी वही घेऊन इस्त्रीच्या खोलीत बसायला लागली. पहिले तीन दिवस ती एकेकीला जाऊन विचारायची, चादरी कोण नेत असेल असं तुम्हाला वाटतं? कोणी नीट उत्तर देईना. एकीने तिला पाणी दिलं, दुसरीने खुर्ची, पण उत्तर कोणीच नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जुन्या मावशींनी, त्या माझ्याही आधीपासून रुळावर आहेत, हातातली चादर खाली न ठेवता तिला विचारलं, “तू चोर शोधायला आलीस पोरी, की चादर?”

मुंगी त्या दिवशी घरी आली आणि वही न उघडताच जेवायला बसली. मला वाटलं, झालं, एक्स-रे. जेवण झाल्यावर तिने वहीतली तीन दिवसांची पानं फाडली आणि सकाळी माझ्याआधी लाँड्रीत हजर झाली. आता ती माणसांना काही विचारत नव्हती. ती एका चादरीच्या मागे लागली. मळक्या गठ्ठ्यातली एक चादर निवडली, तिच्या कोपऱ्याला निळा दोरा घातला आणि ती धुतली जाईपर्यंत, वाळेपर्यंत, रुळावरून घडीत जाईपर्यंत तिच्यासोबत फिरली. घडी गठ्ठ्यात गेली, गठ्ठा गाडीत गेला, तर ही ड्रायव्हरशेजारी बसून हॉस्पिटलात. तिथे तिसऱ्या मजल्यावर वॉर्डात काम करणाऱ्या आयांना तिने उचल-ठेव करायला मदत केली, आणि संध्याकाळपर्यंत चादर कुठे जाते ते पाहिलं.

दादा, चादर कुठेच जात नव्हती. आम्ही रविवारी बंद असतो, त्यामुळे सोमवारी पहिली गाडी हॉस्पिटलात पोचते ती दुपारी. सोमवारी सकाळी कोणी उलटी केली, कोणाचं अंथरूण ओलं झालं, तर घालायला चादर नसते आणि बोलणी आयांना बसतात. म्हणून प्रत्येक वॉर्डातल्या आया थोड्या चांगल्या चादरी बाजूला दडवून ठेवायच्या: कपाटावर, मोडक्या पलंगाच्या गादीखाली, ऑक्सिजनच्या रिकाम्या नळकांड्यांमागे. दडवलेल्या चादरी धुवायला येत नाहीत, म्हणून आमच्या मोजणीत कमी भरतात. कमी भरल्या की आम्ही कमी पाठवतो. कमी आल्या की त्या घाबरून आणखी दडवतात. अठरा वॉर्ड आहेत. एका आयेने मुंगीला कपाटावरचा ढीग दाखवून सांगितलं म्हणे, की याला चोरी म्हणायचं असेल तर म्हण, पण त्या पलंगावरच्या आजोबांना ओल्यात झोपवून दाखव.

मुंगीने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी चपला काढत होतो. एक पायात आणि एक हातात अशी बराच वेळ राहिली. माणसं जे करतात ते वेड्यासारखं वाटलं तर आपल्याला पूर्ण माहिती नाही, हे मी याच हाताने लिहिलं होतं, दहापैकी आठ मार्क घेऊन. आणि त्यानंतर सव्वीस वर्षं त्याच चादरी मोजत होतो. तिने अगदी साधेपणाने विचारलं, “बाबा, तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही, की सोमवारीच का कमी भरतात?”

“वाटलं होतं,” मी म्हणालो, “पहिल्या वर्षी. मग पाय दुखायला लागले.”

ती हसली नाही. तिने माझ्या हातातली चप्पल घेतली आणि जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती मालकांच्या काचेच्या खोलीत गेली. मी बाहेरून बघत होतो, ऐकू काही येत नव्हतं. मालक आधी उभे होते, मग बसले, मग त्यांनी तिलाही बसायला सांगितलं, जे माझ्या बाबतीत अजून झालेलं नाही. बाहेर आले आणि स्वतःच्या हाताने दारावरची नोटीस काढली. टेप मी चांगली लावली होती, त्यामुळे दाराचा थोडा रंगही सोबत निघून आला. सोमवारची गाडी आता सकाळी सहाला सुटते. त्यासाठी रविवारी दोघीजणी अर्धा दिवस येतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. दहा दिवसांत दोनशे एकोणसत्तर चादरी आपोआप मोजणीत परत आल्या. काहींवर खुणेचा जो धागा होता तो आम्ही नऊ वर्षांपूर्वी वापरायचो. सोबत एक हिरवा पडदा आला, त्यावर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही. जुन्या मावशी मला म्हणाल्या, “साहेब, पोरगी तुमच्यावर गेलीय.” दादा, त्या मला चिडवत नव्हत्या. मी त्यांना गठ्ठा उचलायला हात लावला आणि कंबर पुन्हा धरली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं समाजशास्त्राच्या बाजूनेच गेलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मालकांनी तिला लगेच नोकरी देऊ केली. मोजणी आणि पाठवणी दोन्ही पाहायची, पगार माझ्याहून थोडा जास्त. (भत्ता वजा झाल्यापासून ‘थोडा’ हा शब्द थोडा अपुरा आहे.) म्हणजे ज्या गोष्टीने पदवीची किंमत सिद्ध झाली, तिनेच हेही सिद्ध केलं की ती पदवीवाचूनही जमते. मी दोन दिवस या पेचात होतो, तुमच्या तक्त्यात नफा लिहू की तोटा. शेवटी मुंगीलाच विचारलं, की तुला जमतंय, कामही मिळालंय, मग आता तीन वर्षं कशाला घालवतेस?

ती म्हणाली, “तीन दिवस मी चुकीचा प्रश्न विचारत होते, बाबा. मावशींनी अडवलं नसतं तर अजून तोच विचारत बसले असते, आणि नऊजणींचे पगार कापले गेले असते. दर वेळी मावशी थोड्याच भेटणार आहेत?”

मुंगीची आई तेव्हा मशीनवर होती. तिने पाय थांबवला आणि ऐकलं. मग पुन्हा चालवला.

तर दादा, तक्ता सोबत पाठवतो आहे. जेवढे रकाने भरता आले तेवढे प्रामाणिकपणे भरले आहेत. शेवटच्या ‘एकूण किंमत’ या रकान्यात मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं, कागद तिथे पातळ झाला आहे, सांभाळून धरा. माझ्या पदवीने मला काही दिलं नाही असं आता म्हणवत नाही, आणि दिलं असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. ती माझ्याकडे होती. मी ती वापरली नाही. तुमच्या धंद्यात बंद ठेवलेल्या चांगल्या यंत्राला काय किंमत लावतात, ते तुम्हालाच माहीत. मुंगीच्या बाबतीत निर्णय तुमच्यावर सोडतो, असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर निर्णय झालेला आहे. तिचा अर्ज मी गुरुवारी भरून आलो.

वहिनींना नमस्कार. पायऱ्या उतरताना कठडा धरत जा.

तुमचा,
थकलेला पण अजून हजेरीपटावर असलेला,
धाकटा

ता. क. मुंगीच्या फीची चिंता करू नका. तिने मालकांशी स्वतःच ठरवलं आहे: कॉलेज सुटल्यावर अर्धा दिवस लाँड्रीत काम, आणि वर्षाची फी पगारातून आगाऊ. वर्षभरात किती चादरींची भरपाई वाचेल, ते तिने त्यांना कागदावर काढून दिलं, तेव्हा ते कबूल झाले. अट एकच, कामाच्या वेळात बायकांशी गप्पा मारायच्या नाहीत. ती अट तिने मान्य केली आहे आणि पाळलेली नाही.

आणखी एक ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे आहे. गुरुवारी मुंगीचा अर्ज खिडकीत दिला, तेव्हा तोच कारकून पत्ता वाचून म्हणाला की याच पत्त्यावरून बुधवारी आणखी एक अर्ज आलाय, विषयही हाच, फक्त जन्मसाल बरंच मागचं. फी अजून भरलेली नाही, शेवटची तारीख येत्या शुक्रवारी. दादा, तो मुंगीच्या आईचा आहे. तिने मला सांगितलेलं नाही, आणि मला कळलंय हे मीही तिला सांगितलेलं नाही. बुधवारी ती गणवेश पोचवायला म्हणून गेली होती आणि आली ती बरीच उशिरा, भाजीसुद्धा न घेता. ती तुम्हाला फोन करेल. आधी गुडघ्याची चौकशी करेल, मग वहिनींची, मग थोडा वेळ गप्प राहील. तेव्हा फायदा काय, या वयात कशाला, हे काही विचारू नका, तक्ता तर अजिबात पाठवू नका. मुंगीसाठी काढलेल्या पैशांतून तिची फी द्या, आणि माझ्या हातून नको, थेट तिलाच. फोनवर नुसतं ‘हो’ म्हणा. वर ‘बरं वाटलं’ म्हणालात तर फारच उत्तम, पण नुसतं ‘हो’सुद्धा तिला पुष्कळ होईल.